खालची दुर्बीण

आमच्या नागपुरात एंडोस्कोपीला ‘वरची दुर्बीण’ आणि मोठे आतडे आतून पाहणाऱ्या कोलोनोस्कोपीला ‘खालची दुर्बीण’ म्हणण्याची पद्धत आहे. धंतोलीतल्या कुठल्याही पोटाच्या डॉक्टरांकडे बाकावर बसावे, शेजारचा अनोळखी माणूस ऊन-पावसाची चौकशी करावी इतक्या सहजतेने विचारतो, ‘‘तुमची वरची की खालची?’’ गेल्या दोन वर्षांत आमच्या घरात या खालच्या दुर्बिणीचा विषय तीन वेळा निघाला आणि तिन्ही वेळा निराळ्या माणसासाठी निघाला: आधी माझ्या भासऱ्यांसाठी, म्हणजे यजमानांच्या थोरल्या भावासाठी, मग यजमानांसाठी आणि शेवटी माझ्यासाठी. जेवणाच्या टेबलावर मात्र या तिघांचा एकच खटला चालला. कोणी म्हणे, आतड्याचा कॅन्सर टाळायला ही तपासणी पन्नाशीनंतर सगळ्यांनी केलीच पाहिजे. कोणी म्हणे, हा सगळा दवाखान्यांचा धंदा आहे. आणि पुरावा म्हणून दोन्ही पक्ष त्याच तीन माणसांकडे बोट दाखवीत. मी एकतीस वर्षे विमा कार्यालयात काढली आहेत. वेगवेगळ्या जोखमीची माणसे एकाच रकान्यात बसवलेली दिसली की मला स्वस्थ बसवत नाही.

भासऱ्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. ते काटोलजवळ राहतात, संत्र्याची बाग सांभाळतात आणि चाळीस वर्षे दिवसाला चार-पाच पुड्या खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, खात आले आहेत. शौचावाटे रक्त जायला लागले तेव्हा ते 58 वर्षांचे होते. त्यांनी ते कोणाला सांगितले नाही, कारण आपल्याकडे त्या वाटेने रक्त गेले की त्याला मूळव्याध म्हणायचे हे आधीच ठरलेले असते. पुढे वहिनींनी कपडे धुताना पाहिले आणि मग एका मूळव्याधीच्या दवाखान्यात चकरा सुरू झाल्या. चूर्ण झाले, मलम झाले, दोनदा इंजेक्शन झाले. हातमोजा घालून बोटाने तपासण्याचे मात्र चौदा महिन्यांत तिथे कोणाच्या मनात आले नाही. त्याच काळात गावात कॅन्सर तपासणीचे शिबिर भरले होते. दादांनी मोठा आ करून टॉर्चच्या उजेडात तोंड दाखवले, तोंडात काही नाही असे कळले आणि ते समाधानाने घरी आले. शिबिराची त्यात काही चूक नव्हती. राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपासून पुढे तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन ठिकाणच्या कॅन्सरसाठी तपासणी होते. मोठे आतडे त्या यादीत नाही, आणि खर्ऱ्याच्या या मुलखात तोंडाला पहिला मान मिळणे अगदी रास्त आहे. दादांचा रोग दुसऱ्या टोकाला होता एवढेच.

शेवटी नागपूरला आणले तेव्हा दुर्बीण फार आत नेण्याचीही गरज पडली नाही. गाठ गुदाशयातच होती, आतून फुटत आलेली. रेडिएशन झाले, ऑपरेशन झाले, पोटाला शौचासाठी कायमची पिशवी आली. ते बरे आहेत, बागेत जातात, खर्रा सुटला आहे असे सांगतात आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवतो.

दादांचे निदान झाल्याच्या आठवड्यात न्यू जर्सीहून माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. ‘‘ताई, तुमच्याकडे स्क्रीनिंग करत नाहीत, त्याचे हे परिणाम,’’ असे तो जवळजवळ ओरडूनच म्हणाला. त्याची स्वतःची 45 वर्षे पूर्ण होताच विमा कंपनीचे पत्र आले होते, त्याने कोलोनोस्कोपी करून घेतली होती आणि पुढची दहा वर्षे निर्धास्त असल्याचा दाखला त्याच्या खिशात होता. अमेरिकेत पूर्वी ही तपासणी 50 व्या वर्षी सुरू करण्याचा सल्ला असे. 2021 मध्ये तिथल्या प्रतिबंधात्मक सेवांच्या कृतिदलाने वय 45 वर आणले. त्या देशात या तपासणीला एक वेगळीच प्रतिष्ठा आहे. केटी कुरिक या वृत्तनिवेदिकेचे पती 1998 मध्ये बेचाळिसाव्या वर्षी आतड्याच्या कॅन्सरने गेले आणि 2000 साली तिने स्वतःची कोलोनोस्कोपी दूरचित्रवाणीवर लोकांना दाखवली. त्यानंतर देशभर या तपासणीचे प्रमाण वाढल्याची नोंद आहे. आपल्याकडे एखाद्या निवेदिकेने असे केले असते तर काय झाले असते, या कल्पनेने मला अजून हसू येते.

परंतु भावाच्या बोलण्यात एक गफलत होती आणि ती ध्यानात यायला मलाही काही दिवस लागले. दादांना स्क्रीनिंगची गरजच नव्हती. स्क्रीनिंग म्हणजे ज्याला काहीही त्रास नाही अशा माणसाची चाळणी. ज्याला चौदा महिने रक्त जाते आहे त्याची दुर्बीण ही चाळणी नसते, ते निदान असते, आणि ते करायला हवे याबद्दल जगात कुठेही वाद नाही. वाद आहे तो माझ्यासारखीबद्दल: वय 55, पोट साफ, भूक चांगली, माहेरी कोणाला हा आजार नाही. अशा धडधाकट लोकांना हजारोंनी बोलावून दुर्बीण घातल्याने नेमके किती मरण टळते?

त्याचे उत्तर शोधताना मी पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या एका मोठ्या चाचणीपाशी पोचले. ‘नॉर्डआयसीसी’ असे तिचे नाव. ओस्लोचे मिशाएल ब्रेटहाउअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे निष्कर्ष ऑक्टोबर 2022 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केले. लोकसंख्येच्या नोंदवहीतून 55 ते 64 वयाची 84,585 माणसे घेतली, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागली आणि एक तृतीयांश लोकांना एकदाच कोलोनोस्कोपीचे आमंत्रण धाडले. उरलेल्यांना काहीच कळवले नाही. दहा वर्षांनी मोजले तेव्हा न बोलावलेल्यांत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे प्रमाण 1.20 टक्के होते आणि बोलावलेल्यांत 0.98 टक्के. म्हणजे एक रुग्ण टाळण्यासाठी 455 जणांना आमंत्रण द्यावे लागले. त्या कॅन्सरने झालेले मृत्यू 0.31 टक्के आणि 0.28 टक्के; हा फरक इतका बारीक की तो निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. कोणत्याही कारणाने झालेले मृत्यू दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच, अकरा टक्क्यांच्या किंचित वर.

हे आकडे बाहेर आले आणि खळबळ उडाली, त्यात नवल नाही. जुन्या, चिठ्ठ्या न टाकता केलेल्या अभ्यासांवरून कित्येक डॉक्टर मंडळी ही तपासणी निम्म्याहून अधिक कॅन्सर टाळते असे धरून चालली होती. शिवाय ब्रिटनमध्ये 2010 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, ज्यात आतड्याचा फक्त शेवटचा भाग पाहणारी आखूड दुर्बीण एकदाच वापरून बोलावलेल्या गटात कॅन्सर 23 टक्क्यांनी आणि त्यामुळे होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले होते. पूर्ण आतडे पाहणाऱ्या लांब दुर्बिणीने केवळ 18 टक्क्यांची घट दाखवावी, हे पचायला अवघड होते.

दुर्बिणीच्या बचाव पक्षाने तीन मुद्दे मांडले. पहिला असा की आमंत्रितांपैकी 42 टक्केच लोक तपासणीला आले. न आलेल्यांचा हिशेब दुर्बिणीच्या माथी का मारता? प्रत्यक्ष आलेल्यांचा हिशेब दुरुस्त्या करून मांडला तर कॅन्सरचे प्रमाण 1.22 वरून 0.84 टक्क्यांवर आणि मृत्यूचे 0.30 वरून 0.15 टक्क्यांवर येते. येथे माझ्यातली विमेवाली जागी झाली. आमच्या धंद्यात जुनी भीती अशी की ज्याला आपण आजारी आहोत हे आतून ठाऊक असते तोच माणूस लगबगीने पॉलिसी घ्यायला येतो. चाळणीच्या बाबतीत उलटे घडते. पत्र आले म्हणून रजा काढून पोट साफ करून येणारा माणूस बहुधा फिरायला जाणारा, सिगारेट न ओढणारा, औषधे वेळेवर घेणारा असतो. तो न येताही कदाचित धडधाकटच राहिला असता. दुरुस्त्या कितीही काळजीपूर्वक केल्या तरी चिठ्ठ्यांनी दिलेली निरपेक्षता त्यात थोडी सांडतेच. म्हणून 18 टक्के हा आकडा आरोग्यखात्याने वाचावा आणि दुसरा आकडा, जरा सावधपणे, ज्याला जायचेच आहे त्याने वाचावा असे माझे मत झाले.

दुसरा मुद्दा काळाचा. आतड्याच्या आतल्या अस्तरावर उगवलेल्या पॉलिपचा, म्हणजे कोंबासारख्या लहान गाठीचा, कॅन्सर व्हायला दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. 1969 मध्ये न्यूयॉर्कच्या विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी दुर्बिणीतून तारेचा फास टाकून हे कोंब पोट न फाडता काढण्याची वाट दाखवली, आणि तेव्हापासून या तपासणीचे सारे महत्त्व रोग होण्याआधीच कोंब खुडण्यात आहे. असे असेल तर दहाव्या वर्षी हिशेब बंद करणे घाईचे ठरते. पहिली काही वर्षे तर बोलावलेल्या गटातच कॅन्सर जास्त दिसतात, कारण लपलेले उघड होतात. हा मुद्दा मला पटला.

तिसरा मुद्दा कौशल्याचा आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत कमी बोलला जातो. दुर्बीण आत गेली म्हणजे सगळे दिसले असे नव्हे. ती बाहेर काढताना डॉक्टर किती सावकाश काढतात, घड्या उलगडून पाहतात की नाही, यावर सारे अवलंबून असते. निदान सहा मिनिटे तरी परतीच्या वाटेवर द्यावीत असा संकेत आहे. 2014 मध्ये कॅलिफोर्नियातल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास आला: ज्या डॉक्टरला अधिक लोकांत पॉलिप सापडतात त्याच्या रुग्णांना पुढे कॅन्सर कमी होतो, आणि सापडण्याच्या प्रमाणात एक टक्का वाढ म्हणजे नंतरच्या कॅन्सरमध्ये सुमारे तीन टक्के घट. नागपुरात सोनोग्राफीपासून साखरेपर्यंत सगळे एका पॅकेजमध्ये विकले जाते. त्यात ‘दुर्बीण’ नुसती एक ओळ असते. कोणाच्या हातची दुर्बीण, हे त्या ओळीत लिहिलेले नसते.

आता माझा स्वतःचा ढोबळ हिशेब. भारतात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे प्रमाण युरोप-अमेरिकेच्या मानाने बरेच कमी आहे. समजुतीपुरते ते पाचव्या हिश्श्याइतके धरू. मग तिथल्या 455 चे इथे सव्वादोन हजारांच्या पुढे होतात. नागपूर शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 24 लाखांहून थोडी अधिक होती. पन्नाशी ओलांडलेल्या सगळ्यांना बोलवायचे म्हटले तर शहरातल्या दुर्बिणी अहोरात्र चालवाव्या लागतील, आणि विदर्भातून, छिंदवाड्यातून, छत्तीसगडमधून रक्त जाते म्हणून आलेला माणूस त्या रांगेत माझ्यासारख्या निरोगी बाईच्या मागे उभा राहील. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी 1968 मध्ये स्क्रीनिंगच्या कसोट्या लिहिल्या, त्यांत निदानाची आणि उपचाराची सोय आधी हाताशी हवी ही एक अट आहे. मला ती अट दादांच्या चौदा महिन्यांकडे पाहून लिहिल्यासारखी वाटते.

त्यात आपल्याकडचे रुग्ण वयाने लहान असतात ही आणखी एक गुंतागुंत. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने 2017 मध्ये सुमारे 800 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला, त्यात सरासरी वय 47 च्या आसपास होते. एवढ्या मोठ्या रुग्णालयात देशभरातून निवडक लोक येतात हे मान्य. तरी 55 व्या वर्षी आमंत्रण धाडणारी युरोपची चाळणी इथे उचलून आणली तर यातले निम्म्याहून अधिक तिच्या आधीच गळून गेलेले असतील.

म्हणजे माझ्या भावाचे चुकले असे मी म्हणते का? नाही. त्याच्या देशात रोग जास्त, विमा खर्च उचलतो, दुर्बिणी भरपूर. तिथे त्याने केले ते शहाणपणाचे. तिथेही सगळे शहाणपण दुर्बिणीतच आहे असे मात्र नाही. ब्रिटन आणि नेदरलँड्स घरी एक छोटी नळी पाठवतात, शौचाचा कणभर नमुना घेऊन परत धाडायचा. त्यात मानवी रक्ताचा अंश सापडला तरच दुर्बीण. या तपासणीला फिट म्हणतात. स्पेनमधल्या चाचणीचे निष्कर्ष 2025 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले: एका गटाला कोलोनोस्कोपीचे आणि दुसऱ्याला दर दोन वर्षांनी फिटचे आमंत्रण; दहा वर्षांनी या कॅन्सरने झालेले मृत्यू 0.22 आणि 0.24 टक्के, म्हणजे बरोबरीचेच. फिटला 40 टक्क्यांच्या आसपास लोक तयार झाले, दुर्बिणीला 32 टक्क्यांच्या आसपास. लोक जी करतील ती तपासणी, हा व्यवहार तिथल्या सरकारांनी ओळखला आहे. आपल्याकडे या नळीपुढेही एक विघ्न आहे. मूळव्याध आणि जंत दोन्ही इतके सार्वत्रिक की नमुन्यात रक्त सापडलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या मागे हेच निघेल.

इतके वाचून झाल्यावर मी यजमानांना म्हटले, ‘‘मला दुर्बिणीची घाई नाही. तुम्ही मात्र करून घ्या.’’ ते चिडलेच. ‘‘इतके दिवस धंदा-धंदा म्हणत होतीस, आणि आता मला पाठवतेस?’’ त्यांचे म्हणणे वरवर बरोबर होते, पण त्यांचा रकाना माझा नव्हे. सख्ख्या भावाला साठीच्या आत हा कॅन्सर झाला की धाकट्याची जोखीम साधारण दुप्पट होते, आणि अशा माणसाने चाळिशीपासून, किंवा भावाच्या निदानाच्या वयाआधी दहा वर्षे, यांपैकी जे लवकर येईल तेव्हापासून दुर्बीण करावी, असा सल्ला आहे. यजमान 57 वर्षांचे. त्यांची तारीख सतरा वर्षांपूर्वीच उलटून गेली होती, फक्त ती उलटली हे कळण्यासाठी दादांना आजारी पडावे लागले.

डिसेंबरातली तारीख मिळाली. उन्हाळ्यात, पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना पोट पूर्ण रिकामे करून बसणे नकोच, असे डॉक्टरांनीही सुचवले होते. मात्र डिसेंबर म्हणजे भरताचा महिना, आणि तीन दिवस आधीपासून बियांचे काही खायचे नाही, म्हणजे वांगी बंद, टमाटर बंद, पेरू बंद. लाल सरबतसुद्धा नाही, कारण आत रंग राहिला तर तो रक्तासारखा दिसतो. आदल्या संध्याकाळी आणि पहाटे मिळून दोन लिटर पावडरचे पाणी त्यांनी कसेबसे संपवले. त्या रात्रीचे वर्णन मी सभ्यपणे टाळते. सकाळी सदरहून धंतोलीला निघालो तर हिवाळी अधिवेशन सुरू, यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघायच्या बेतात आणि जागोजागी लोखंडी कठडे लावलेले. अशा पोटाचा माणूस मोर्च्याच्या गर्दीत अडकला तर काय, हा प्रश्न कोणत्याही चाचणीत विचारलेला नाही. एका हवालदाराने यजमानांचा चेहरा पाहून काही न विचारता कठडा सरकवला.

तपासणी पंचवीस मिनिटांत आटोपली. मी आधीच डॉक्टरांना विचारून ठेवले होते की परत येताना तुम्ही किती वेळ पाहता, आणि त्यांना पॉलिप किती जणांत सापडतात याची नोंद ते ठेवतात का. पहिल्या प्रश्नावर ते हसले, दुसऱ्यावर जरा थांबले. पण नोंद होती, संगणकावर काढून दाखवली. धोक्याबद्दलही ते सरळ बोलले: आतड्याला भोक पडण्याचा प्रकार दहा हजारांत दोन-चार, कोंब काढल्यावर रक्तस्राव त्याहून अधिक. नॉर्डआयसीसीत तपासल्या गेलेल्या सुमारे बारा हजारांत मोठे रक्तस्राव 15 झाले आणि भोक एकालाही पडले नाही. धोका लहान आहे खरा, पण तो पत्करणारा माणूस निरोगी असतो, आणि निरोगी माणसाच्या तराजूत लहान वजनही झुकते.

यजमानांच्या आतड्यात सहा मिलिमीटरचा एक पॉलिप निघाला. तारेच्या फासाने काढला, काचेच्या बाटलीत घालून पॅथॉलॉजीला पाठवला. आठवड्याने अहवाल आला की तो ॲडिनोमा आहे, म्हणजे कॅन्सरच्या वाटेवर निघू शकणाऱ्या जातीचा, परंतु अजून उंबऱ्याच्या आतच. घरात पेढे आणले गेले. भावाचा न्यू जर्सीहून विजयी फोन आला. मी पेढा खाल्ला आणि गप्प बसले, कारण असे बहुतेक ॲडिनोमा आयुष्यभर निरुपद्रवी राहतात आणि हा कोणत्या प्रकारातला होता हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. त्याला खुडताना ते उत्तरही खुडले गेले. दर हजारी किती मरतील हे आमच्या कार्यालयातला तक्ता अचूक सांगत असे. कोण, हे त्याने कधी सांगितले नाही.

मी स्वतः फिटचा नमुना दिला. रक्त आढळले नाही. दोन वर्षांनी पुन्हा देईन.

संक्रांतीला काटोलला गेलो तेव्हा यजमानांनी सगळी हकिगत दादांना सांगितली: वांगी सोडली ती, पावडर, कठडे, हवालदार, बाटलीतला कोंब. दादा बागेतल्या खाटेवर पिशवीवर हात ठेवून ऐकत होते. सगळे संपल्यावर त्यांनी विचारले, ‘‘तुले काही होत होतं का रे?’’

‘‘नाही,’’ यजमान म्हणाले.

‘‘काहीच नाही?’’

‘‘काहीच नाही, दादा.’’

दादांनी थोडा वेळ समोरच्या झाडांकडे पाहिले. ‘‘मले त होत होतं,’’ ते म्हणाले.